बॉक्सवरचा स्पीड आणि दुकानातला स्पीड : दोन डिस्कमध्ये एवढा फरक का पडतो?



दुकानातला कॉम्प्युटर स्लो झाला की आपल्याकडे ठरलेला सल्ला मिळतो. "साहेब, मशीन जुनं झालं, नवीन घ्या." मग आपण नवीन घेतो. पैसे जातात प्रोसेसरवर आणि मोठ्या स्क्रीनवर, आणि टॅली उघडायला लागणारा वेळ जवळपास तोच राहतो. कारण अडचण डिस्कमध्ये होती, आणि नव्या मशीनमध्येही तशीच डिस्क बसून आली.

डिस्क बदलायची कशी, ते मी व्हिडिओत दाखवलं. पण कुठली घ्यायची, आणि सारख्याच क्षमतेच्या दोन डिस्कच्या वेगात एवढा फरक का पडतो, हे सांगायला तिथे वेळ पुरला नाही. आकड्यांचा विषय आहे, तो वाचूनच नीट समजतो. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. डिस्कला "एक" स्पीड नसतो. प्रत्येक कामाला वेगळा स्पीड असतो. बॉक्सवर छापलेला आकडा हा त्या डिस्कच्या सगळ्यात सोप्या कामाचा असतो. तुमच्या धंद्याचं काम कुठलं, हे ओळखता आलं की अर्धी खरेदी बरोबर झाली म्हणून समजा.

रोजकीर्द आणि खतावणी

तुम्ही हिशोब लिहिणारी माणसं, त्यामुळे तुम्हाला हे पटकन कळेल.

रोजकीर्द कशी लिहितो आपण? आज जे झालं ते, एकाखाली एक, ओळीने. पान संपलं की पुढचं पान. पेन उचलायची गरज नाही. खतावणीचं तसं नसतं. पाटलांचं खातं पान ४० वर, जोशींचं पान ११२ वर, लाइटबिलाचं पान ७ वर. लिहायची एकच ओळ, पण प्रत्येक वेळी पान शोधायचं, ओळ शोधायची, मग लिहायचं. लिहायला दोन सेकंद आणि शोधायला वीस.

डिस्कचंही अगदी हेच आहे. मोठा व्हिडिओ कॉपी करणं, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, एकच मोठी बॅकअप फाइल, ही झाली रोजकीर्द. याला सलग काम म्हणू. विंडोज सुरू होणं, टॅलीत लेजर उघडणं, आउटलुकमध्ये जुनी मेल शोधणं, हजारो छोट्या फाइलींचं फोल्डर कॉपी करणं, ही झाली खतावणी. याला विखुरलेलं काम म्हणू. बॉक्सवर जो आकडा ठळक छापतात, तो रोजकीर्दीचा असतो. दिवसभर दुकानात जे चालतं, ते बहुतेक खतावणीचं असतं.

हार्ड डिस्कच्या आत काय चालतं?

हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्यावर एका हाताच्या टोकाला बारीक हेड असतं. माहिती हवी असली की दोन गोष्टी घडाव्या लागतात. हेड योग्य पट्ट्यावर सरकायला हवं, आणि मग तबकडी फिरून हवा तो भाग हेडखाली यायला हवा.

आता हिशोब करू. डेस्कटॉपची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग कधी लगेच येतो, कधी पूर्ण फेऱ्यानंतर, म्हणून सरासरी अर्धा फेरा धरायचा : ४.२ मिलिसेकंद. हेड सरकायला साधारण ८ ते ९ मिलिसेकंद. एकूण १२-१३ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या कामात ही डिस्क सेकंदाला सुमारे ८० वेळाच "पान शोधू" शकते. प्रत्येक वेळी ४ केबी उचललं, तर सेकंदाला झाले ३२० केबी. हो, केबी! एमबीसुद्धा नाही.

आणि हीच डिस्क सलग कामात सेकंदाला १५० एमबी सहज देते.

गंमत बघा. १० जीबीची एकच फाइल १५० च्या वेगाने वाचायला लागतात ६७ सेकंद. तोच १० जीबी डेटा ४-४ केबीच्या तुकड्यांत डिस्कभर विखुरलेला असेल, तर तुकडे झाले २५ लाख. सेकंदाला ८० प्रमाणे लागतात ३१,२५० सेकंद, म्हणजे साडेआठ तासांहून जास्त. डिस्क तीच, डेटा तेवढाच. प्रत्यक्षात इतकं टोकाचं काम रोज होत नाही, कारण विंडोज आणि डिस्क दोघंही मागण्यांची क्रमवारी लावून फेऱ्या वाचवतात. पण "कॉम्प्युटर अडकला" असं वाटतं ना, तेव्हा आत हेच चाललेलं असतं.

हा प्रश्न नवीन नाही. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क आणली, तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या, मिनिटाला १२०० फेरे आणि हवी ती जागा गाठायला सुमारे ६०० मिलिसेकंद. क्षमता ५० लाख अक्षरं. आज २० टीबीची डिस्क हातात मावते, म्हणजे क्षमता ४० लाख पटींच्या घरात वाढली. पण जागा गाठायचा वेळ ६०० वरून १३ पर्यंतच आला, जेमतेम ४५ पट. धातूचा हात हलवायचा म्हटल्यावर त्याला वेळ लागणारच.

मग दोन हार्ड डिस्कमध्ये फरक कशामुळे?

*फेरे.* लॅपटॉपच्या आणि पोर्टेबल डिस्क बहुधा ५४०० फेऱ्यांच्या असतात. तिथे अर्ध्या फेऱ्याला ५.६ मिलिसेकंद लागतात आणि हेडही जरा हळू सरकतं. खतावणीच्या कामात ही डिस्क मागे पडणार.

*दाटी.* एका तबकडीवर जितका डेटा दाटीने बसवलाय, तितका एका फेऱ्यात जास्त डेटा हेडखालून जातो. म्हणून नवीन, जास्त दाटीची ५४०० ची डिस्क सलग कामात जुन्या ७२०० च्या डिस्कला मागे टाकू शकते. नुसते आरपीएम बघून डिस्क घेणाऱ्यांची इथेच गल्लत होते.

*तबकडीवरची जागा.* बाहेरचा पट्टा लांब, आतला आखूड, फेऱ्याला वेळ मात्र सारखाच. बाहेरच्या पट्ट्यावर जास्त डेटा बसतो, त्यामुळे तिथे वेग जास्त. डिस्क साधारण बाहेरून आत भरत जाते. अगदी आतल्या पट्ट्यांवर वेग बाहेरच्या जवळपास निम्म्यावर येतो. "नवीन होती तेव्हा फास्ट होती" या तक्रारीत तथ्य असतं, ते यामुळे. डिस्क भरत गेली की फाइलींचे तुकडेही पडायला लागतात, तो भार वेगळाच.

*लिहायची पद्धत.* हा मुद्दा नीट वाचा, कारण बॉक्सवर तो बऱ्याचदा लिहिलेला नसतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे सीएमआरमध्ये, डेटाचे पट्टे शेजारी शेजारी असतात. एसएमआर पद्धतीत ते घराच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच तबकडीत जास्त डेटा मावतो आणि डिस्क स्वस्त पडते. पण कौलांचं काय असतं? मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली कौलं आधी काढावी लागतात. इथेही मधला एक पट्टा बदलायचा तर पुढचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. वाचताना फारसा फरक कळत नाही. थोडं लिहिलं तरी कळत नाही, कारण डिस्क तो डेटा आधी एका राखीव जागेत ठेवते आणि सवडीने बसवते. पण तासन् तास लिहीत राहिलात आणि तिला सवडच मिळाली नाही, की वेग धाडकन खाली येतो.

२०२० च्या एप्रिलमध्ये यावरून मोठा गाजावाजा झाला. वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, आणि ग्राहकांना तसं सांगितलेलं नव्हतं. ही मालिका नॅससाठी विकली जायची. नॅस म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेला, दोन-चार डिस्कचा डबा. त्यातली एक डिस्क बिघडली की नवीन लावतात आणि तिच्यावर सगळा डेटा सलग पुन्हा लिहिला जातो. नेमकं तेच काम एसएमआरला जड! काहींचं तासांचं काम दिवसांवर गेलं, काहींच्या नॅसने नवी डिस्क स्वीकारलीच नाही. सीगेट आणि तोशिबाच्याही काही डिस्क अशाच निघाल्या. शेवटी तिन्ही कंपन्यांनी कुठलं मॉडेल कुठल्या पद्धतीचं, याच्या याद्या जाहीर केल्या. म्हणून आता डिस्क घेताना पूर्ण मॉडेल नंबर विचारा आणि कंपनीच्या साइटवर सीएमआर की एसएमआर ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

एसएसडी : वाचायला सोपी, लिहायला अवघड

एसएसडीत काही फिरत नाही, काही सरकत नाही. सगळी पानं समोर उघडीच. म्हणून खतावणीच्या कामात सेकंदाला ८० च्या जागी हजारो वेळा डेटा उचलता येतो. जुन्या मशीनला एसएसडी लावली की ते "नवीन झाल्यासारखं" वाटतं, त्याचं कारण एवढंच आहे.

पण इथेही वाचणं आणि लिहिणं सारखं नाही. शाळेतली पाटी आठवा. कुठलीही ओळ लगेच वाचता येते, रिकाम्या जागी लगेच लिहिता येतं. फक्त या पाटीचा नियम असा, की एक ओळ पुसता येत नाही, पुसायची तर अख्खी पाटी. म्हणून बदललेली ओळ एसएसडी दुसऱ्या पाटीवर लिहिते, आणि सवड मिळाली की जुन्या पाटीवरच्या कामाच्या ओळी हलवून ती पुसून ठेवते. एसएसडी काठोकाठ भरली असेल, तर पुसलेल्या पाट्या शिल्लक नसतात आणि लिहिणं अडतं. म्हणून पंधरा-वीस टक्के जागा रिकामी ठेवा.

दुसरं कारण, एका कप्प्यात किती बिट कोंबलेत ते. एक बिट असेल तर दोनच पातळ्या : माप रिकामं किंवा भरलेलं. तीन बिट म्हणजे आठ पातळ्या, त्याला टीएलसी म्हणतात. चार बिट म्हणजे सोळा पातळ्या, त्याला क्यूएलसी. आता दुधाच्या मापावर सोळा खुणा आहेत आणि बरोबर अकराव्या खुणेपर्यंत भरायचंय, तर हात सावकाशच चालवावा लागणार. क्यूएलसी स्वस्त असते आणि लिहायला हळू असते, ते यामुळे.

मग बॉक्सवर एवढा मोठा आकडा येतो कुठून? कंपन्या डिस्कचा काही भाग एक-बिट पद्धतीने, म्हणजे कॅश म्हणून वापरतात. ट्रकमधून माल पटापट काउंटरवर उतरवायचा आणि गिऱ्हाईक नसताना गोदामात लावायचा, तसं. माल कमी असेल तर काम झटपट. ट्रक काउंटरपेक्षा मोठा असेल तर काउंटर भरतं आणि पुढचं प्रत्येक पोतं थेट गोदामात न्यावं लागतं.

सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ एसएसडीचं उदाहरण घ्या. १ टीबीच्या मॉडेलला कंपनी लिहिण्याचा वेग सांगते सेकंदाला ५३० एमबी. कॅश जास्तीत जास्त ४२ जीबी. आणि कॅश भरल्यावरचा वेग कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे : ८० एमबी. लग्नाच्या सीझनमध्ये एखाद्या फोटोग्राफरने तिच्यावर एका दमात २०० जीबी उतरवले, तर ५३० च्या हिशोबाने सव्वासहा मिनिटं लागायला हवीत. प्रत्यक्षात पहिले ४२ जीबी ८० सेकंदांत जातील, उरलेल्या १५८ जीबीला ३३ मिनिटं लागतील. त्या टप्प्यावर साधी ७२०० ची हार्ड डिस्कसुद्धा तिच्या पुढे असेल! पण हीच एसएसडी टॅली आणि बिलिंगच्या मशीनमध्ये उत्तम चालेल, कारण तिथे कोणी एका दमात ४२ जीबी लिहीतच नाही. डिस्क वाईट नसते हो, कामाशी जोडी जुळावी लागते.

रस्ता अरुंद असेल तर?

डिस्क कितीही पळणारी असो, वायर आणि पोर्ट जेवढं देतील तेवढंच मिळणार. साटा ३ ची मर्यादा सेकंदाला ६०० एमबी, म्हणून साटा एसएसडी ५५० च्या आसपास थांबतात. एनव्हीएमई एसएसडी पीसीआय एक्स्प्रेसवरून जातात, त्यामुळे ३५०० किंवा ७००० असे आकडे दिसतात.

पण घाई करू नका. हेही रोजकीर्दीचेच आकडे आहेत. एका वेळी ४ केबी वाचायच्या कामात साटा एसएसडी साधारण ३० ते ४० एमबी देते आणि एनव्हीएमई त्याच्या दीडपट-दुप्पट. बॉक्सवर सहा ते बारा पट फरक, बिलिंग काउंटरवर दुप्पट. हार्ड डिस्कवरून साध्या एसएसडीवर गेलात की फरक दिसतो शंभर पटींच्या घरात. त्यामुळे जुन्या मशीनला साटाच बसत असेल, तर मदरबोर्ड बदलायच्या खर्चात पडू नका.

यूएसबीचं मात्र जरूर बघा. यूएसबी २ पोर्टमधून प्रत्यक्षात ३५ एमबीच्या आसपासच मिळतात. ५०० जीबीचा बॅकअप त्याच्यावर घ्यायला चार तास. तीच डिस्क यूएसबी ३ पोर्टला लावली आणि १२० चा वेग मिळाला, तर सत्तर मिनिटं. यूएसबी ३ पोर्ट पुष्कळदा आतून निळा असतो. आणि जाहिरातीतला "५ जीबीपीएस" हा आकडा बिटमध्ये असतो, एमबी हा बाइटमध्ये. आठने भागायला विसरू नका.

डिस्क अचानक स्लो झाली, तर स्पीडचा विचार सोडा

इथे जरा गंभीर होऊया. हार्ड डिस्क हळूहळू मंदावली तर वरची कारणं शोधा. पण कालपर्यंत ठीक चालणारी डिस्क आज एखादी फाइल उघडताना अडकते, टकटक आवाज येतो, तर ती आजारी असू शकते. एखादा भाग नीट वाचता आला नाही की डिस्क तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून बघते. आपल्याला ते "स्लो" दिसतं.

अशा वेळी डीफ्रॅग, क्लीनर, फॉर्मॅट काहीही करू नका. आधी टॅलीचा डेटा, जीएसटीच्या फाइली, गिऱ्हाइकांची यादी दुसऱ्या डिस्कवर घ्या. नवीन डिस्क बाजारात मिळते, दहा वर्षांचा हिशोब बाजारात मिळत नाही.

आणखी एक. लिहिलेला डेटा आधी तात्पुरत्या मेमरीत थांबतो आणि मग डिस्कवर उतरतो. "कॉपी झाली" असं दिसलं तरी थोडं काम बाकी असू शकतं. त्याच क्षणी लाइट गेली तर? म्हणून मशीनला यूपीएस हवा, आणि पेन ड्राइव्ह किंवा पोर्टेबल डिस्क 'सेफली रिमूव्ह' करूनच काढायची.

तुमच्या धंद्याला कुठली?

- बिलिंग, टॅली, सीए ऑफिस, डीटीपी : विंडोज आणि चालू काम साध्या साटा एसएसडीवर. सगळ्यात जास्त फरक इथेच जाणवेल.
- फोटो आणि व्हिडिओ स्टुडिओ : एडिटिंगला टीएलसीची एनव्हीएमई. घेण्याआधी कॅश भरल्यानंतरचा वेग शोधा. जुनी कामं साठवायला मोठी सीएमआर हार्ड डिस्क.
- सीसीटीव्ही : इथे स्पीडसाठी जास्त पैसे देऊ नका. ४ मेगाबिटचे आठ कॅमेरे मिळून सेकंदाला फक्त ४ एमबी लिहितात. पण दिवसाला ते होतात सुमारे ३४५ जीबी, म्हणजे ४ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरणार. इथे हवी क्षमता, आणि चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली डिस्क.
- रोजचा बॅकअप : पोर्टेबल हार्ड डिस्क चालेल. यातल्या बऱ्याच एसएमआर असतात, म्हणून दर वेळी सगळं पुन्हा न लिहिता फक्त बदललेल्या फाइली घ्या.

आजचा गृहपाठ

१. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. काम अडकतं तेव्हा 'अ‍ॅक्टिव्ह टाइम' १०० टक्के आणि वेग मात्र १-२ एमबी दिसतोय? मग तुमची डिस्क पानं शोधण्यातच दमतेय.

२. क्रिस्टलडिस्कमार्क हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. वरच्या ओळीचा आकडा रोजकीर्दीचा, सगळ्यात खालच्या ओळीचा खतावणीचा. खालचा आकडा वहीत लिहून ठेवा. हार्ड डिस्क असेल तर तो बहुधा १ च्या आत असेल.

३. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची तब्येत बघा. 'गुड'च्या जागी 'कॉशन' दिसलं, तर आजच बॅकअप. उद्या नको.

हे तीन आकडे हातात असले की दुकानदाराशी बोलताना तुम्ही "चांगली डिस्क द्या" असं म्हणणार नाही. तुम्ही म्हणाल, "माझं काम असं आहे, त्याला चालेल अशी द्या, आणि मॉडेल नंबर सांगा." पैसे वाचतात ते त्या एका वाक्यात.

चला तर, आधी बॅकअप घ्या, मग गृहपाठ करा. पुढच्या व्हिडिओत भेटूच!